थोरल्यांचं टोक

कोसजार, १२ मे २००९

मिर्झाभावोजींना उलबोसिनचा सलाम.

तुमचा मुलगा सुखरूप आहे हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. ‘वहिनी, तुला मूल नाही, हा घे माझा’ म्हणून तुम्ही झाल्गासला इथे पाठवलंत, तेव्हा मला वाटलं होतं, आक्ताउ बंदरातला शहरी पोरगा, आठ दिवसांत पळेल. पण टिकला. आता स्वतःची मोटरबोट आहे त्याची. मला ‘मोठी आई’ म्हणून हाक मारतो. मी ओ देते आणि घरामागे जाऊन डोळे पुसते.

आता कामाचं. समुद्र परत आला त्याला तीन वर्षं झाली. धरण बांधलं, पाणी चढत चढत गावापर्यंत आलं, लोकांनी मेंढ्या कापल्या. मी गर्दीत उभी राहून रडत होते. बायका म्हणाल्या, बघा, उलबोसिनला आनंद मावेना. त्या दिवशी पाणी तुमच्या दादांच्या कबरीवरून गेलं होतं.

तुम्हाला ती जागा ठाऊक नाही. तुम्ही मातीला पोचला नव्हतात, तो तुमचा दोष नाही, गाडीच तशी होती. समुद्र आटला, सगळा गाव उठून गेला, तरी हे आपल्या पालथ्या बोटीपाशी कोरड्या तळावर जाऊन बसायचे. शेवटी म्हणाले, मला कबरस्तानात नेऊ नका, इथेच बोटीशेजारी पुरा. पाणी आलं की आधी मला भेटेल. मरणाऱ्याचा शब्द मोडता येतो का? मागे राहिलेल्या चार म्हाताऱ्यांनी खड्डा खणला, उशाशी दगडाऐवजी बोटीचं सुकाणू रोवलं. ते चौघेही आता नाहीत. मला वाटलं, मरणाऱ्या माणसाची समजूत काढायला आपलं काय जातंय, समुद्र कुठला येतोय! आला, भावोजी. सवत शेवटी सवतच. नवरा घेऊन गेली.

पूर्वी मी तळावरून सरळ चालत जायची. आता तिथे पाणी आणि बोरू. जुन्या बोटींची लोखंडं पाण्याखाली आहेत, पंखे मोडतात, म्हणून मोटरबोटी घेऊन कोळी तिकडे फिरकत नाहीत. आणि मी जन्मात बोटीत बसलेली नाही. आमच्या वेळी बाईचं पाऊल बोटीला लागलं की जाळं रिकामं येतं म्हणायचे. तुमचं तर कामच लोकांना पाण्यातली वाट आखून देण्याचं. मलाही एक आखून द्या. एकदा त्यांच्या डोक्यावरच्या पाण्यापर्यंत जायचं आहे, कुराण वाचायचं आहे.

जागा खाडीकाठच्या थोरल्यांच्या टोकासमोर. नाव मी घेणार नाही, तुम्हाला माहीतच आहे. कबरीपाशी उभं राहिलं की लाल कडा उजव्या हाताला यायचा आणि संध्याकाळी त्याचा रंग तोंडावर पडायचा.

अजून एक. मी गेले की मलाही कबरस्तानात नेऊ नका. पाण्यात तर पुरता येणार नाही. त्या टोकावर, अगदी काठाला, त्यांच्यासमोर ठेवा. लगेच घाबरू नका, मी ठणठणीत आहे. काल अख्खी मेंढी सोलली.

उलबोसिन

—

आक्ताउ, २ जून २००९

वहिनी,

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि बायकोला वाचून दाखवताना एकच ओळ तीनदा वाचली. ती म्हणाली, तुम्ही चहा प्या, मी वाचते.

टक्कल पडलं तरी मी अजून तुझा ‘मिर्झा’च आहे हे वाचून बरं वाटलं. तू नवरी होऊन आलीस तेव्हा मी दहा वर्षांचा शेंबडा. सासरच्या कुणाचंच नाव घ्यायचं नाही म्हणून तू मला राजपुत्र करून टाकलंस. दादा तर जन्मभर ‘अहो, ऐकलंत का’ यावरच गेला. त्याला ओतेगेन म्हणतात हे तुला ठाऊक तरी आहे का?

थोरल्यांचं टोक म्हणजे कुठलं ते कळलं. नाव मीही लिहीत नाही, नाहीतर पत्र बाटायचं तुझं!

आता ऐक मी काय करणार ते. माझ्याकडे आपल्या समुद्राचा जुना नाविक नकाशा आहे, समुद्र भरलेला होता तेव्हाचा. त्यावर जागोजागी पाण्याची खोली छापलेली आहे. दुसरीकडे उपग्रहाने वरून काढलेलं आजचं चित्र. नकाशा काचेसारखा पारदर्शक करून चित्रावर ठेवायचा. मग ज्या खुणा कधी हलल्या नाहीत, म्हणजे दीपगृहाचा चौथरा, विहिरीची टेकडी, त्या एकमेकींवर बरोबर बसवायच्या. बसल्या की जुना समुद्र आणि आजचा समुद्र एकाच जागी दिसतो. जुन्या खोलीतून आटलेलं पाणी वजा केलं की आज तिथे किती पाणी आहे ते कळतं. कास्पियनवर हौशी लोकांच्या सहलींसाठी मी हे रोज करतो. घरच्या माणसासाठी कधी करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

वहिनी, दादाच्या मातीला मी नव्हतो. ‘तुमचा दोष नाही’ असं तू दरवेळी लिहितेस आणि दरवेळी मला ते जास्तच लागतं. एवढं एक काम माझ्या हातून नीट होऊ दे.

तुझा सागिन्दिक

—

कोसजार, ६ जुलै २००९

मिर्झाभावोजी,

पत्र पोचलं. मला त्यांचं नाव ठाऊक आहे की नाही ते वर गेल्यावर त्यांनाच विचारा.

इथे झाल्गासने धमाल केली. मला बोटीत चढायची सवय व्हावी म्हणून काठावर फळी टाकली आणि म्हणाला, मोठी आई, चाल. मी चालले, पण फळी नाही चालली. गुडघाभर पाण्यात बसले. शेजारची बायबीशे हसून हसून खाली पडली. ती म्हणते, या वयात नवऱ्याला भेटायला बोटीतून निघालीस, निदान नवा रुमाल तरी बांध. बांधणार आहे.

घाई नाही, पण पाणी गोठायच्या आत पाठवा. नकाशा मला वाचता येत नाही हे लक्षात असू द्या. झाल्गासला कळेल असा करा.

मधे जरा खोकला होता, आता गेला.

उलबोसिन

—

आक्ताउ, ९ ऑगस्ट २००९

वहिनी,

सोबत नकाशा आहे. घडी घालू नकोस, गुंडाळून ठेव.

महिनाभर रोज संध्याकाळी बसलो. निळी रेघ म्हणजे तुमची वाट. जुन्या बोटींच्या गोदीपासून लांब ठेवली आहे. जिथे खोली गुडघ्याएवढी, तिथे लाल ठिपके. झाल्गासला सांग, लाल ठिपक्यांवर मोटर उचलून वल्ह्याने जा. टोकासमोर काळी फुली केली आहे, तिथे दादा. जुन्या नकाशात तिथे दोन मजल्यांचं घर बुडेल एवढं पाणी दाखवलं आहे. आता जेमतेम तुझ्या कमरेइतकं. दादा फार खोल नाही, वहिनी.

नकाशावर टोकांची, खाड्यांची नावं छापलेली होती. ती सगळी मी पुसून टाकली. अर्धी आपल्याच घरातल्या पुरुषांची. समोर ठेवून कुराण वाचायचं आणि सासऱ्यांची नावं डोळ्यासमोर, तुझी पंचाईत नको. फक्त तुझं टोक, तुझी फुली आणि वाट ठेवली आहे.

फुली केली तेव्हा मी उठून हात धुतले आणि दुआ म्हटली. सात वर्षांनी दादाच्या कबरीवर मूठभर माती टाकल्यासारखं वाटलं. बायको म्हणते, त्या रात्री मी झोपेत बोललो नाही.

तुझा सागिन्दिक

—

कोसजार, १४ सप्टेंबर २००९

मिर्झाभावोजी,

जाऊन आले.

आदल्या दिवशी त्यांच्या नावाने रीतीप्रमाणे सात शेल्पेक तळले, पातळ पोळ्या लाटून. बायबीशेने आपल्याकडची साय दिली, पीठ तिचंच मळलेलं. म्हणाली, माझ्याकडूनही त्यांना. पांढरा रुमाल बांधला. झाल्गासने बोटीत गादी टाकली होती, नव्या नवरीला नेतात तशी. पाणी शांत होतं. तुमची वाट तंतोतंत निघाली. लाल ठिपके आले की हा मोटर उचलायचा आणि मोठ्याने म्हणायचा, ‘बघ, बाबांनी लिहिलंय तसंच!’ तुमचा एवढा अभिमान त्याच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता. एकदासुद्धा तळ घासला नाही.

फुलीच्या जागी त्याने बोट उभी केली. मी वाकून पाण्यात पाहिलं. तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. वरती पांढरा कडा, त्यावर पक्षी. मी बराच वेळ बसले. झाल्गासने विचारलं, ‘मोठी आई, इथेच ना?’ मी म्हटलं, ‘तुझ्या बाबांनी केवढी मेहनत घेतली रे.’ मग कुराण वाचलं. शेल्पेकचे तुकडे पाण्यावर सोडले, पक्ष्यांनी उचलले.

वारा सुटायच्या आत परतायचं होतं, डिझेलही बेताचं होतं. येताना मी झाल्गासला विचारलं, खाडीच्या पलीकडे कधी जातोस का? म्हणाला, तिकडे लांब आहे, लोखंडही फार. मी म्हटलं, बरं.

तुमचे हात सुखी राहोत. दादांच्या मागे तुम्हीच मला आहात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही स्वतः या. टोकाबद्दल थोडं बोलायचं आहे. ते कागदावर जमणारं नाही, समोर असलात की हाताने दाखवीन.

उलबोसिन

—

आक्ताउ, १७ ऑक्टोबर २००९

वहिनी,

पत्र वाचून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. बायकोला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, नाही गं, कुणीतरी सापडलं.

उन्हाळ्यात नक्की येतो, सुट्टी मांडून ठेवली आहे. टोकाबद्दल काय बोलायचं ते ओळखलं मी. स्वतःच्या जागेचंच ना? ती काळजी सोड. झाल्गासला मी फोनवर सांगून ठेवलं आहे: काही झालं तरी मोठ्या आईला फुलीसमोरच्या टोकावर ठेवायचं, बाकी कुणाचं ऐकायचं नाही. तो म्हणाला, जागा मी पाहिली आहे, बाबा.

मात्र इतक्यात तिकडे जायची घाई करू नकोस. मला तुझ्या हातचा मासळीचा रस्सा खायचा आहे.

तुझा सागिन्दिक

—

कोसजार, २२ नोव्हेंबर २००९

मिर्झाभावोजी,

कडेला बर्फ धरलं. झाल्गास जाळी दुरुस्त करत बसतो आणि मला दिवसातून दहा वेळा चहा मागतो. तुमच्यावरच गेलाय.

त्याला जागेचं सांगितलंत ते कळलं. पुन्हा सांगते, या विषयावर आधी आपण दोघं बोलू. त्याच्या देखत नको. मुलाच्या डोळ्यांत बाप मोठा असावा, मग घर चालतं. तुम्ही या, आपण तिघं बोटीतून खाडीच्या पलीकडे जाऊ, मी तुम्हाला एक लाल रंगाची गंमत दाखवीन.

खोकला पुन्हा आला आहे. बायबीशे म्हणते, शुबात पी. उंटिणीच्या दुधाने सगळं बरं होतं म्हणे. तिचा नवरा तेच पिऊन मेला.

उलबोसिन

—

कोसजार, १९ फेब्रुवारी २०१०

बाबा,

फोनवर तुम्ही बोलू शकत नव्हतात आणि मला काही सांगता आलं नाही. म्हणून लिहितो.

बर्फाच्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी मोठी आई चुलीपाशी पडली. उचललं तेव्हा तोंड एका बाजूला गेलेलं, जीभ लुळी. शब्द एकही फुटत नव्हता, पण डोळे सगळं ओळखत होते. डॉक्टर वादळामुळे येऊ शकला नाही. तुमची गाडीही वाटेत अडकली, हे ऐकून तिने डोळे मिटून घेतले.

शेवटच्या दिवशी तिने हाताने काहीतरी मागितलं. पाणी दिलं, नको. कुराण दिलं, तेही नको. बायबीशे म्हणाली, तो नकाशा दे. मी तिच्या मांडीवर पसरला. तिने डाव्या हाताचं बोट फुलीवर ठेवलं आणि तिथून घसरत घसरत खाडीच्या पलीकडे नेलं. हात फार कापत होता, बाबा. मी तो धरून परत फुलीवर आणून ठेवला. तिने पुन्हा नेला. मी पुन्हा आणला आणि म्हटलं, ‘हो, मोठी आई, इथेच. बाबांनी सांगितलंय मला. तिथेच ठेवीन तुला, काळजी करू नकोस.’ ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने तोच हात माझ्या गालावर ठेवला. संध्याकाळी गेली.

वडीलधारे म्हणाले कबरस्तानात न्या. मी कुणाचं ऐकलं नाही. बर्फावरून घसरगाडीने तिला तुमच्या टोकावर नेलं. जमीन गोठलेली, टायर जाळून मऊ करावी लागली. पांढऱ्या कड्यावर, अगदी काठाला, तोंड समुद्राकडे राहील अशी.

तिचा शब्द मी पाळला ना, बाबा? एवढंच लिहा. मला झोप लागत नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी आठवतं आणि वाटतं, माझं काहीतरी चुकलं.

झाल्गास

—

आक्ताउ, ४ मार्च २०१०

(हे पाठवायचं नाही.)

वहिनी,

जानेवारीत एका सहकाऱ्याने मला आपल्या खाडीचं जुनं उपग्रहचित्र दिलं, धरणाच्या आधीचं. तळ कोरडा असतानाचं. मी हौसेने ते नकाशाखाली सरकवलं, म्हटलं दादाची जागा बघू. फुलीच्या जागी काही नव्हतं. साधी वाळू. खाडीच्या पलीकडच्या टोकासमोर मात्र एक काळी, लांबट खूण होती, आणि गावातून तिथपर्यंत गेलेली एक बारीक पायवाट. पालथी बोट. आणि तुझी पायवाट, वहिनी. एवढ्या वरून दिसत होती.

माझ्या मनात थोरले म्हणजे आजोबा, इस्काक. मी त्यांच्या टोकासमोर फुली केली. पण तू घरात आलीस तेव्हा आजोबा केव्हाच गेले होते. तुझ्यासाठी थोरले म्हणजे काका, कुदेरी. ज्यांना तू रोज चहा दिलास ते. एका शब्दाने विचारलं असतं तर? पण मी गंमत करत बसलो, आणि नकाशावरची नावं माझ्याच हाताने पुसली.

लाल कडा तू पहिल्याच पत्रात लिहिला होतास. मी वाचला होता. पण वरून काढलेल्या चित्रात कड्याचं तोंड दिसत नाही, नुसती कड दिसते. आणि तुझ्या सप्टेंबरच्या पत्रात पांढरा आहे. ते मी सगळ्यांना वाचून दाखवलं, मलाच दिसलं नाही.

तू बोटीतच ओळखलंस. आणि रिकाम्या पाण्यावर कुराण वाचून, माझे हात सुखी राहोत असं लिहिलंस. कशासाठी? मुलासमोर बाप लहान होऊ नये म्हणून. आणि मी? जानेवारीत कळलं, तरी गप्प बसलो. म्हटलं, वहिनी समाधानात आहे, हिवाळ्यात कशाला तिचं काळीज कुरतडायचं, उन्हाळ्यात सांगू. तू मला जपत होतीस, मी तुला जपत होतो, आणि दोघांच्या मधे तो बिचारा पोरगा तुझं बोट फुलीवर परत आणत होता.

आता पडद्यावर दोन खुणा आहेत. मधे अख्खी खाडी. त्या बोटीपाशी तू पायी जायचीस.

कुदेरी. बघ, मीच घेतो नाव. तुझ्या वतीने.

सागिन्दिक

—

आक्ताउ, ५ मार्च २०१०

प्रिय झाल्गास,

तुझं पत्र मिळालं. तुझं काहीही चुकलेलं नाही. जागा अगदी बरोबर आहे. मी नकाशा पुन्हा पडताळून पाहिला. मोठ्या आईचे डोळे भरले ते समाधानाने. तसं होतं माणसाला शेवटी. तू तिचा मुलगा झालास, आणखी काय हवं होतं तिला? रोज रात्री नीट जेव आणि झोप.

बर्फ वितळलं की मी येतो. गाडी अडकली तर चालत येईन. बोट तयार ठेव, डिझेल दुप्पट घे. टोकावर मोठ्या आईला सलाम करून आपल्याला खाडीच्या पलीकडे जायचं आहे, लाल कड्याखाली. मोटर उचलून, वल्ह्याने जाऊ. का ते विचारू नकोस, आणि तोवर तिकडे जाळी टाकू नकोस.

बायबीशेला माझा सलाम सांग. तिला म्हणावं, यावेळी शेल्पेक सात नकोत, चौदा तळ.

तुझा बाबा